हॅचबॅकचे शॉकअप: काय बदलावं आणि काय बदलू नये

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गाडी आठ वर्षांची पेट्रोल हॅचबॅक, ८२ हजार किलोमीटर झालेली. रोज गोव्यात डिचोली ते वेर्णा, आणि महिन्यातून दोनदा चोर्ला घाटातून बेळगाव. वळणावर गाडी झुकते, पुलाच्या सांध्यावरून गेली की मागची बाजू दोन-तीनदा हेलकावत राहते, आणि मागे बसलेल्या तुमच्या आईची पाठ धरते. मित्र म्हणतो स्प्रिंग बदलून गाडी खाली घे. ॲक्सेसरीवाला म्हणतो स्प्रिंगमध्ये बफर घाल. जवळचा फिटर म्हणतो शॉकअप रिपेअर करून देतो. पन्नास हजारांपर्यंत खर्चाची तयारी आहे.

मी फोंड्याला सव्वीस वर्षं सस्पेन्शनचं काम करतो आहे. आधी उत्तर सांगतो, कारणं मागाहून. स्प्रिंग कंपनीच्याच ठेवा. चारही शॉकअप नवे घाला, आणि त्यांच्यासोबत वरचे माउंट (शॉकअपला सांगाड्याशी धरणारी रबरी बैठक), बंप स्टॉप (शेवटचा धक्का झेलणारा ठोकळा), धुळीची रबरी टोपी, लिंक रॉड (गाडीचं झुकणं आवरणाऱ्या बारला जोडणारी दांडी) आणि लोअर आर्मचे, म्हणजे चाक सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या हाताचे, रबरी बुशही बदला. टायर जुने असतील तर पुढचा पैसा टायरवर घाला. एवढं झाल्यावर गाडी चालवून बघा, आणि मगच आणखी भारी शॉकअप हवेत का ते ठरवा. तुम्हाला सुचवलेल्या तीन गोष्टींपैकी एकही करू नका.

आता कारणं. शॉकअप गाडीचं वजन पेलत नाही, वजन स्प्रिंग पेलते. खड्ड्यातून जाताना स्प्रिंग दबते आणि दबलेली शक्ती परत फेकते. ती एकटी असती तर गाडी एका खड्ड्यानंतर पन्नास मीटर झुलत गेली असती. शॉकअपमधला पिस्टन तेलातून वर-खाली होतो, तेल बारीक छिद्रांतून आणि पातळ पत्र्यांच्या झडपांतून ढकललं जातं, आणि स्प्रिंगने परत फेकलेल्या शक्तीची उष्णता होते. खराब रस्त्यावरून आल्याबरोबर शॉकअपला हात लावून बघा, गरम लागेल. ती उष्णता म्हणजेच त्याने केलेलं काम. हात लावून थंड लागला तर तो काहीच करत नाहीये असं समजा.

गाडीत दोन वेगवेगळ्या हालचाली एकाच वेळी चाललेल्या असतात. वरचा सांगाडा सेकंदाला साधारण एक ते दीड हेलकावा घेतो, आणि खालचं चाक सेकंदाला दहा ते पंधरा वेळा थरथरू शकतं. शॉकअपने दोन्ही आवरायच्या असतात. सांगाड्याचा हेलकावा आवरला नाही तर मागे बसलेल्याला मळमळतं. चाकाचं थरथरणं आवरलं नाही तर टायर रस्त्यावरून क्षणभर सुटतो, आणि त्या क्षणी ब्रेकही नाही आणि स्टिअरिंगही नाही. पावसात साखळीच्या पुढे केरीपर्यंत ओल्या रस्त्यावर ज्यांची गाडी वळणात बाजूला सरकते, ते बहुतेक वेळा टायरला दोष देतात. मी खाली बघतो तेव्हा अनेकदा मागचे शॉकअप संपलेले असतात.

पुढचा मुद्दा नीट वाचा, कारण पैसे इथेच वाया जातात. शॉकअपचा कडकपणा एकच नसतो. तो पिस्टन किती वेगाने हलतो यावर बदलतो, गाडीच्या वेगावर नाही. तुम्ही वळणात शिरता, गाडी एका बाजूला झुकू लागते, तेव्हा पिस्टन अगदी सावकाश हलतो. ब्रेक दाबल्यावर नाक खाली जातं, तेव्हाही सावकाशच. पण चाक धारदार कडेच्या खड्ड्यात पडतं तेव्हा तोच पिस्टन एकदम झटक्याने हलतो. चांगल्या शॉकअपची झडप सावकाश हालचालीला घट्ट धरते आणि झटक्याला मोकळी होते. म्हणून गाडी वळणात झुकत नाही आणि खड्ड्यात आदळतही नाही. स्वस्तात कडक केलेला शॉकअप दोन्हींना सारखाच घट्ट असतो. वळणावर चालकाला बरं वाटतं, आणि मागे बसलेल्याची कंबर मोडते. तुमच्या आईच्या पाठीचा प्रश्न इथे आहे.

म्हणूनच 'हँडलिंग सुधारायचं म्हणजे गाडी कडक करायची' हे मला पटत नाही. गुळगुळीत रेस ट्रॅकवर ते काही अंशी चालतं. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस रस्ता खरवडून काढतो, प्रत्येक वाड्याच्या तोंडावर गतिरोधक असतो, आणि कणकुंबी-जांबोटीच्या पट्ट्यात पावसाळ्यानंतर खड्डे चुकवायला जागाच नसते. अशा रस्त्यावर चाकाला वर-खाली जायची मोकळीक हवी. ज्या गाडीचं चाक रस्ता सोडत नाही ती गाडी हँडलिंगला चांगली.

आता तिन्ही सल्ल्यांबद्दल. स्प्रिंग बदलून किंवा कापून गाडी खाली घेतली की बंप स्टॉपपर्यंतचं अंतर कमी होतं. भरलेली गाडी गतिरोधकावर चढली की स्प्रिंगचं काम संपतं आणि उरलेला धक्का थेट सांगाड्याला बसतो. मूळ उंचीसाठी बनवलेला शॉकअप सतत दबलेल्या अवस्थेत चालतो आणि लवकर मरतो. तुम्ही मये-चोडणमार्गे रायबंदरची फेरीबोट कधी घेत असाल, तर ओहोटीच्या वेळी रॅम्पचा कोन कसा होतो ते ठाऊक असेल. माझ्याकडे एक टॅक्सीवाला आला होता. खाली घेतलेल्या गाडीचा पुढचा बंपर त्याने त्या रॅम्पवर दोनदा फाडला, आणि शेवटी मूळ स्प्रिंग शोधत फिरला. जुन्या स्प्रिंग त्याने भंगारात दिल्या होत्या. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतली माहिती बदलेल असा फेरफार गाडीत करता येत नाही, आणि अपघातानंतर विम्याचा सर्वेक्षक असल्या गोष्टी बारकाईने पाहतो.

स्प्रिंगच्या वेढ्यांत घालायचे रबरी किंवा पीयूचे (पॉलियुरेथेनचे) बफर हा प्रकार गेल्या काही वर्षांत खूप वाढला आहे. ते घातल्यावर गाडी थोडी उचलली जाते आणि झुकणं कमी वाटतं, म्हणून लोक खूष होतात. प्रत्यक्षात स्प्रिंगचा एक वेढा तुम्ही कायमचा बंद केलेला असतो. उरलेले वेढे जास्त वाकतात, स्प्रिंग कडक होते, पण तिला आवरणारा शॉकअप तोच जुना राहतो. म्हणजे परतीचा झटका वाढला आणि लगाम होता तितकाच. बफरखाली तांबडी माती आणि पाणी अडकतं, रंग घासला जातो आणि स्प्रिंग तिथे गंजते. कळंगुट-कांदोळीकडच्या गाड्यांमध्ये खारी हवा असते, तिथे स्प्रिंगचा खालचा वेढा मोडलेला मी वारंवार पाहतो. बफर घातला की तो दिवस लवकर येतो.

रिपेअरचं म्हणाल तर कारचा शॉकअप उघडून दुरुस्त करायची वस्तूच नाही. तो कारखान्यात कायमचा बंद केलेला असतो. बाहेर तो कापतात, मिळेल ते जाड तेल भरतात, नवं सील घालतात आणि वेल्डिंग करून देतात. दोन आठवडे तो कडक लागतो. आतल्या झडपा झिजलेल्याच असतात आणि गॅस तर गेलेलाच असतो. असे चार शॉकअप घालून बेळगावला जाऊ नका, घाटात नाहीच नाही.

गॅसवरून आठवलं. 'गॅसचा शॉकअप कडक असतो' हा गैरसमज बराच पसरलेला आहे. साध्या दोन नळ्यांच्या शॉकअपमध्ये कमी दाबाचा नायट्रोजन असतो तो तेलाला फेस येऊ नये म्हणून. खराब रस्त्यावर अर्धा तास सलग गेलात की तेल तापतं, आणि आत साधी हवा असेल तर ती तेलात मिसळून फेस होतो. फेसाला पकड नसते, म्हणून गाडी सकाळी बरी वाटते आणि जांबोटीला पोहोचेपर्यंत सैल होते. मोनोट्यूब म्हणजे एकाच नळीचा शॉकअप. त्यात गॅस आणि तेल यांच्यामध्ये तरंगता पिस्टन असतो आणि दाब बराच जास्त, साधारण २५ बारच्या आसपास. त्याला फेस जवळपास येतच नाही, आणि बाहेरची नळी थेट हवेत असल्यामुळे तो लवकर थंड होतो. तोटे दोन. दगड लागून नळीला पोचा पडला तर पिस्टन तिथेच अडकतो, आणि सील घट्ट असल्यामुळे बारीक खडबडीत रस्त्यावर थोडी करकरीत भावना येते. किंमतही चढी.

तुमच्या गाडीला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहेत, मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारी आडवी तुळई) आणि त्यावर वेगळी स्प्रिंग, वेगळा शॉकअप. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याने १९४०च्या दशकात ही पुढची रचना आणली आणि आज आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांत तीच असते. स्ट्रटमध्ये शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र असतात, आणि स्टिअरिंग फिरवताना अख्खा स्ट्रट फिरतो. त्यामुळे तो नुसता शॉकअप नाही, तो चाकाला सरळ उभं धरणारा खांबही आहे. म्हणून स्ट्रट बदलला की अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, करावीच लागते. 'टायर नवे नाहीत, मग कशाला' असं म्हणणाऱ्याचं ऐकू नका. आणि म्हणूनच स्ट्रटच्या वरचं माउंट आणि त्यातलं बेअरिंग जुनं ठेवून नवा स्ट्रट घालणं मला मान्य नाही. काम एकच, मजुरी एकच. सहा महिन्यांनी स्टिअरिंग फिरवताना 'कट्ट' असा आवाज आला की सगळं परत खोलावं लागतं.

आधी खात्री करा की दोष शॉकअपचाच आहे. सुरुवातीच्या वर्षांत मी ही चूक केली आहे. पेडण्याच्या एका शिक्षकांच्या गाडीचे पुढचे दोन्ही स्ट्रट बदलले, आणि आवाज जसाच्या तसा राहिला. लिंक रॉडचा गोळा सैल झाला होता, स्ट्रटच्या निम्म्याहून कमी किमतीचा भाग. त्यांचे पैसे मी परत केले. तेव्हापासून क्रम पक्का आहे: आधी टायरची हवा, मग टायर, मग लिंक रॉड, बुश, बॉल जॉइंट, आणि शेवटी शॉकअप.

हवेचं विशेष सांगतो. चालकाच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे आकडे वेगळे दिलेले असतात. पंक्चरवाला सवयीने सगळ्यांना ३५-३६ भरून देतो. तुमच्या स्टिकरवर पुढे ३० किंवा ३२ असेल तर पाठीला लागणारा अर्धा त्रास तिथेच असू शकतो. सकाळी थंड टायरवर हवा तपासा. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे. सहा वर्षं उलटलेल्या टायरचं रबर कडक झालेलं असतं, त्यावर कितीही भारी शॉकअप घाला, मऊपणा येणार नाही.

कोपरा दाबून गाडी किती वेळा उसळते हे बघायची पद्धत पूर्ण मेलेला शॉकअप दाखवते, अर्धा मेलेला नाही. माझा भर टायरवर असतो. टायरच्या नक्षीवर हात आडवा फिरवा. ठरावीक अंतरावर खळगे लागले तर चाक उडतंय. दुसरी खूण तेलाची. शॉकअपच्या दांड्याजवळ धूळ चिकटून ओलसर पट्टा दिसला तर एवढ्यात घाबरू नका, पण नळीवरून तेल खाली ओघळलेलं असेल तर शॉकअप संपला. आणि धुळीची टोपी फाटलेली असेल तर आपली तांबडी माती त्या चकचकीत दांड्यावर पॉलिश पेपरसारखी घासते, सील मग किती दिवस टिकणार? ८२ हजारांवर तुमच्या वर्णनाप्रमाणे मागचे शॉकअप गेलेले आहेत याबद्दल मला फारशी शंका नाही. पुढचेही त्याच वयाचे आहेत.

कोणते घ्यायचे? पहिली पसंती गाडीच्या कंपनीचे मूळ भाग, किंवा गॅब्रिएल, मोनरो, केवायबी यांचे त्याच मॉडेलचे, गॅस भरलेले. पाकिटावरचा भाग क्रमांक गाडीच्या वर्षाशी जुळवून घ्या, कारण एकाच नावाच्या गाडीत डिझेल आणि पेट्रोलचे पुढचे स्ट्रट वेगळे असतात. डिझेलचं इंजिन जड असतं. डिझेलचा स्ट्रट पेट्रोलला 'अपग्रेड' म्हणून घालणारे लोक आहेत. त्याने नाक वर राहतं आणि पुढची बाजू टणक होते, म्हणून ते नको. नेहमी जोडीने बदला, एकाच बाजूचा कधीच नाही. चारही एकदम बदलले तर उत्तम.

एक पायरी वर जायचं असेल तर मूळ उंची राखणारे शॉकअप शोधा. बिल्स्टाइनमध्ये बी ४ हा मूळ दर्जाचा, बी ६ हा मूळ उंचीच्या गाडीसाठीचा मोनोट्यूब आणि बी ८ हा खाली आणलेल्या गाडीसाठी, त्यामुळे तुमच्यासाठी बी ८ चा विचारच नको. कोनीचा एफएसडी प्रकार मी वर सांगितलेलंच काम वेगळ्या झडपेने करतो: सांगाड्याच्या मंद हेलकाव्याला घट्ट आणि चाकाच्या जलद थरथरीला मऊ. पण आयात केलेला संच मागवण्याआधी एक गोष्ट तपासा. युरोपात त्याच नावाने विकली जाणारी गाडी बऱ्याचदा आपल्यापेक्षा बुटकी असते. भारतात खड्ड्यांसाठी उंची वाढवून दिलेली असते, स्प्रिंग वेगळ्या असतात. युरोपच्या गाडीचा शॉकअप इथे घातला की तो ताणलेल्या अवस्थेतच बसतो आणि गतिरोधक उतरताना 'टक' असा आतून आवाज देतो. भारतीय मॉडेलसाठी म्हणून लेखी दिलेला असेल तरच घ्या. कॉइलओव्हर, म्हणजे उंची कमी-जास्त करता येणारा स्प्रिंगसकट शॉकअप, तुमच्या वापराला अजिबात नको. उंची फिरवायच्या त्या आट्या आपल्या मातीत आणि खाऱ्या हवेत दोन पावसाळ्यांत जाम होतात.

तुमच्या बजेटच्या साधारण निम्म्यात मूळ दर्जाचं सगळं काम मजुरीसह बसावं. उरलेल्यात चार टायर येतात. तेच तुमचं खरं अपग्रेड होईल, आणि टायर घेताना रिम मोठी करायचा मोह टाळा. टायरची भिंत बुटकी झाली की खड्ड्याचा पहिला धक्का खाणारं रबर कमी होतं.

आता बसवण्याबद्दल, कारण चांगला भाग वाईट बसवला तर वर्षभरही टिकत नाही. गॅरेजमध्ये उभे राहा आणि बघा. दोन नळ्यांचा शॉकअप दुकानात आडवा पडलेला असतो, आतल्या नळीत गॅस शिरलेला असतो. बसवण्याआधी तो उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबायचा आणि पूर्ण खेचायचा. पहिल्या दोन वेळा मध्येच पोकळ लागतो, मग एकसारखा होतो. हे न केल्यामुळे 'नवा शॉकअप खराब निघाला' म्हणून परत आलेले मी पाहिले आहेत. वरचा नट सोडवताना चकचकीत दांडा पकडीने धरला तर तिथेच थांबवा. दांड्यावर ओरखडा पडला की सील कापलं जातं. स्प्रिंग दाबायला नीट कंप्रेसरच हवा, तारेने बांधून काम करणाऱ्याकडे गाडी देऊ नका. दबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस मरू शकतो. स्प्रिंगचं खालचं टोक बशीतल्या खाचेला टेकलं पाहिजे.

आणि जी गोष्ट दहातले आठ फिटर चुकवतात ती ही. लोअर आर्मचे आणि मागच्या बीमचे बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना. लिफ्टवर चाकं लोंबकळत असताना आवळले तर रबर त्या अवस्थेत धरलं जातं, आणि गाडी खाली ठेवल्याबरोबर ते कायमचं पिळलेलं राहतं. राइड कडक लागते आणि बुश काही महिन्यांत फाटतो. टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराइतकंच आवळणारा पाना) वापरा म्हणून आग्रह धरा. मग अलाइनमेंट, आणि तीन-चारशे किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा तपासून घ्या.

वेळ म्हणाल तर मेच्या आधी काम उरकून घ्या, किंवा मग थेट चवथीच्या आधी. चवथीला गावाला जाताना पाच माणसं, माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-भाज्यांचं) सामान, डिकी भरलेली, आणि तेव्हा मागची स्प्रिंग सर्वांत जास्त दबलेली असते. त्या फेरीला स्टिकरवरचा भरलेल्या गाडीचा आकडा बघून मागच्या टायरमध्ये हवा वाढवा.

काम झाल्यावर चाचणी चालकाच्या सीटवरून करू नका. चालक पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधोमध बसतो, त्याला सगळ्यांत कमी लागतं. दुसऱ्या कोणाला गाडी चालवायला द्या, साखळी ते केरी तुम्ही स्वतः मागच्या डाव्या सीटवर बसा, चाकाच्या जवळ, जिथे आई बसते. गतिरोधक उतरल्यावर मागची बाजू एकदा वर येऊन स्थिर झाली पाहिजे. दुसऱ्यांदा उसळली तर त्याच दिवशी गाडी परत गॅरेजमध्ये न्या.